दुसऱ्यांच्या चालीने चालणारे डॉक्टर

आमच्या हॉस्पिटलात हाडांच्या डॉक्टरांची एक खोली होती आणि त्या खोलीच्या मधोमध एक उंबरठा होता. त्याला दार नव्हतं, चौकट नव्हती, पलीकडे दुसरी खोलीही नव्हती. सागवानाचं एक लाकूड फरशीवर आडवं ठोकलेलं, बस्स. नवीन आलेला पेशंट त्याच्यापाशी थबकायचा, डावीउजवीकडे बघायचा आणि विचारायचा, "हे का हाय जी?"

"उंबरठा हाय. ओलांडा," डॉक्टर म्हणायचे.

तो ओलांडायचा. डॉक्टर मान खाली घालून त्याचे पाय बघायचे आणि म्हणायचे, "आता वापस या." एवढ्यात त्यांचं निम्मं काम झालेलं असायचं. उरलेलं निम्मं बाहेर व्हरांड्यात व्हायचं.

मी तिथे ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते. ऐंशीच्या दशकातलं चंद्रपूर. नागपूरला नर्सिंग करून मी परत आले तेव्हा माझ्या वडिलांनी मला एकच गोष्ट बजावली होती. ते शाळामास्तर. दीक्षाभूमीवरच्या कार्यक्रमात दरवर्षी पांढरा सदरा घालून रांगा लावायला उभे राहायचे. ते म्हणाले होते, नोकरी कुठेही कर, पण ज्याच्याकडून काही शिकता येईल अशाच माणसाच्या हाताखाली कर. तेव्हा त्यांनी या डॉक्टरांना पाहिलेलं नव्हतं. पाहिलं असतं तर सल्ला देताना दोनदा विचार केला असता.

कारण पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस पेशंटची टिंगल करतो. आमचा व्हरांडा चांगला लांब होता, कोपऱ्यावर एक मोठा आरसा टांगलेला. डॉक्टर पेशंटला म्हणायचे, "चला, त्या टोकापर्यंत जाऊन येऊ." पेशंट लंगडत पुढे आणि हे मागून हुबेहूब तसेच लंगडत. त्याचा खांदा कलला की यांचा कलायचा, त्याने कमरेवर हात ठेवला की यांचाही हात कमरेवर. बाकावर बसलेले नातेवाईक तोंडात पदर कोंबून हसायचे. एकदा कोळसा खाणीतला एक थोराड मुकादम मध्येच मागे वळला. आपल्या मागे साहेब आपल्यासारखाच लंगडतोय हे बघून त्याने हातातली काठी उगारली. डॉक्टर होते तसेच, अर्धवट एका पायावर उभे राहून म्हणाले, "थांबा भाऊ, मारू नका. तुमचा गुडघा मले आतल्या अंगाले लागून राह्यला. बरोबर का?"

मुकादमाची काठी खाली आली. "बरोबर. तुमाले कसं कळलं?"

"तुमच्यासारखं चाललो म्हणून."

ही त्यांची पद्धत होती. दुसऱ्याची चाल अंगावर चढवायची आणि आपल्याला कुठे ओढतंय ते बघायचं. एक्स-रे ते नंतर बघत, तोही नाइलाज असल्यासारखा. पेशंट आपलं दुखणं कुठे कुठे फिरतं ते सांगायला लागला की त्याला अडवायचे. "दुखते कुठी ते मी पाहीन. दुखते कवा, ते तुम्ही सांगा." खाली बसताना, उठताना, पायऱ्या चढताना की उतरताना, बांधावरून जाताना की डांबरी रस्त्यावर, एवढंच त्यांना हवं असायचं. खोलीत त्यांनी पाट ठेवला होता, बाज ठेवली होती, शाळेतला एक मोडका बाक आणि एक तिवई ठेवली होती. प्रत्येकावरून पेशंटला उठायला लावायचे. हॉस्पिटलचे मालक म्हणजे आमचे मोठे डॉक्टर. तापाचे, छातीचे पेशंट तपासत, फार सज्जन माणूस. ते वैतागून म्हणायचे, "अरे, हा दवाखाना हाय का लाकडाचं दुकान?"

नावं तर त्यांना कधी आठवायचीच नाहीत. मी वर्षभर सोबत काम करून माझं नाव त्यांना येत होतं की नाही याची मला आजही शंका आहे. मी फक्त सिस्टर. पण गुडघा ते विसरत नसत. गोलबाजारात कोणी नमस्कार केला की चेहऱ्याकडे न बघता आधी खाली बघायचे आणि मग ओळखीचं हसून म्हणायचे, "अरे, डावा! कसा हायेस?" एका लग्नात नवरदेवाच्या मामांना त्यांनी असंच ओळखलं. मामा वर्षभरापूर्वी येऊन गेले होते आणि घरच्यांना त्यांनी ते कळू दिलं नव्हतं. पुढे मामींनी जो जाब विचारला त्याला डॉक्टर जबाबदार.

त्याच लग्नात ते पंगतीला बसले नाहीत. कुठल्याच लग्नात बसत नसत. हातात ताट घेऊन उभ्याने जेवायचे आणि पंगत उठताना कोण कसं उठतं ते बघायचे. इंग्लंडात राहून आलेत, म्हणून खाली बसायला जड जात असेल, असं आम्ही आपसात म्हणायचो.

मूळचे ते वरोऱ्याचे. शिकायला मुंबईला गेले, मग इंग्लंडात काही वर्षं काढली आणि येताना एक दुर्बीण घेऊन आले. गुडघ्यात घालायची दुर्बीण. बोरूएवढी जाड, चकचकीत. मखमल लावलेल्या पेटीत निजलेली. गुडघ्याला दोन बारीक छेद द्यायचे, एकातून दुर्बीण आत घालायची, दुसऱ्यातून अवजार. वर टांगलेल्या बाटलीतून मिठाचं पाणी गुडघ्यात सोडायचं आणि डोळा लावून आतलं बघायचं. आतली गादी फाटलेली असली तर तेवढा तुकडा काढायचा, घासून खडबडीत झालेलं असलं तर तासून साफ करायचं, आणि तासण्यासारखं फार नसलं तर नुसतं पाण्याने धुऊन बंद करायचं. आजच्यासारखा टीव्ही नव्हता, जे काय दिसायचं ते डॉक्टरांच्या एका डोळ्याला. सगळा गुडघा उघडायचा नाही, पेशंट दोन दिवसांत घरी. हॉस्पिटलबाहेर मोठ्या डॉक्टरांनी लाल अक्षरांत पाटी लावली: 'येथे दुर्बिणीने गुडघ्याचे ऑपरेशन होते.' ब्रह्मपुरीपासून सिरोंच्यापर्यंतची माणसं यायला लागली. ती दुर्बीण औषधात बुडवायची, पुसायची आणि पेटीत ठेवायची जबाबदारी माझी होती. माझा रुबाब विचारू नका.

पेशंट कमरेखाली बधिर असायचा पण जागा असायचा. आणि डॉक्टरांची अशी समजूत होती की ज्याचा गुडघा त्याचा तो बघायचा हक्क आहे. त्यामुळे काम झालं की पेशंटला मागून उशा लावून उठवायचे आणि दुर्बिणीला डोळा लावायला सांगायचे. मग सगळ्यांचे हातमोजे बदला, दुर्बिणीचं टोक पुन्हा पुसा, म्हणजे मला दुप्पट काम. एक निवृत्त तलाठी होते. त्यांनी बराच वेळ डोळा लावून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आत तं काईच दुखताना दिसून नाई राह्यलं."

आम्ही सगळे हसलो. डॉक्टर हसले नाहीत. हात धुताना मला म्हणाले, "सिस्टर, तो खरं बोलला. मलेबी नाई दिसलं." त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. पण खरी ठिणगी टाकली ती बांगडीवाल्या चाचीने. म्हणजे चाचीने नव्हे, लाईटने.

चाची डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन खेड्यापाड्यांत फिरायची. प्रत्येक दारात उकिडवं बसायचं, हातात हात घेऊन बांगड्या भरायच्या, पुन्हा टोपली डोक्यावर घेऊन उठायचं. दोन्ही गुडघे घासून गेलेले, डावा जास्त. तिला टेबलावर घेतलं, दुर्बीण आत गेली, डॉक्टरांनी डोळा लावला आणि लाईट गेली. आमच्या गावाच्या पाठीशी वीज बनवणाऱ्या एवढ्या मोठ्या चिमण्या, सगळ्या महाराष्ट्राला उजेड देतात, आणि आमच्या थिएटरात अंधार. जनरेटरने धूर सोडला, आवाज केला, चालू काही झाला नाही. आम्ही थांबलो, थांबलो. बाटलीतलं पाणी चाचीच्या गुडघ्यातून वाहत होतं, तेवढंच काय ते. अंधारात अवजार चालवणं शक्य नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी टॉर्चच्या उजेडात दोन टाके घातले आणि पट्टी बांधली. चाची घाबरली होती म्हणून तिला गुंगीचं औषध दिलेलं, तिला यातलं काही कळलं नाही. उद्या सांगू, पुन्हा तारीख देऊ, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी चाचीने उठून चार पावलं टाकली आणि एवढ्या दुवा दिल्या की सांगायचं राहूनच गेलं.

महिन्याभराने ती आली ती टोपली घेऊन चालत. माझ्या दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या भरल्या. डॉक्टर व्हरांड्यात तिच्या मागे चालून आले आणि गंभीर तोंडाने म्हणाले, "चाची, मी तुमच्या गुडघ्यात काईच केलं नाई. लाईट गेली होती."

मी त्यांना डोळ्याने खुणावत होते की कशाला सांगता. चाची मात्र गालातल्या गालात हसली. "डॉक्टरसाब, मोठी मानसं असंच बोलतात. तुमच्या हाताले बरकत हाय."

"बरकत नाई चाची, अंधार होता."

"तं अंधारात इतकं चांगलं केलं," चाची म्हणाली, "उजेड असता तं का केलं असतं."

दुसरा कोणी असता तर हे हसून सोडून दिलं असतं. यांनी तो अख्खा उन्हाळा त्यापायी घालवला. रविवारी हॉस्पिटलची जीप घ्यायची, मला सोबत घ्यायचं आणि जुन्या पेशंटांच्या गावी जायचं. चंद्रपूरचा उन्हाळा, जीपचा पत्रा हात लावू देत नव्हता. कोणाचा गुडघा आत तासून साफ केला होता, कोणाचा नुसता पाण्याने धुतला होता, हे मला तोंडपाठ होतं; डॉक्टरांना गुडघा आठवायचा, आत काय केलं ते नाही. त्यांनी मला शपथ घातली होती की आधी सांगायचं नाही. मग गावातल्या रस्त्यावर तो पेशंट पुढे, डॉक्टर मागे, त्याच्या चालीने. परत येऊन म्हणायचे, "याचं साफ केलं होतं." मी म्हणायची, "नाही, नुसतं धुतलं होतं." पुढच्या गावी उलटं. काहीजण ऑपरेशनला घाबरून पळून गेलेले होते, त्यांना डॉक्टरांनी नुसता पायाला रेतीची थैली बांधून व्यायाम सांगितला होता. ज्यांनी तो नेमाने केला तेही तसेच चालत होते. आमचे अंदाज जितके बरोबर यायचे तितकेच चुकायचे. नागभीडहून परत येताना त्यांनी जीप एका मोहाच्या झाडाखाली उभी केली. मग म्हणाले, "माह्या गुडघ्याले फरक कळून नाई राह्यला, सिस्टर. म्हणजे फरक नाई."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, की यापुढे घासलेल्या गुडघ्यात मी दुर्बीण घालणार नाही. कबड्डी खेळताना एखाद्या पोराची गादी फाटली, गुडघा अडकून बसला, सरळच होत नाही, तर जरूर घालीन. पण चाळिशी-पन्नाशीचं झिजलेलं दुखणं असेल तर थैली. मोठे डॉक्टर खुर्चीत मागे टेकले. आवाज चढवणं त्यांना येत नसे. "लोक दुर्बीण पाहून येतात," ते म्हणाले, "थैली तं त्यांच्या घरीबी हाय."

"तेच तं म्हणून राह्यलो," डॉक्टर म्हणाले.

मला या माणसाचं कौतुक वाटतं ते इथे. ज्या कसबासाठी आपण समुद्र ओलांडून गेलो, ज्याची पाटी दारावर लागली, ज्याच्यासाठी माणसं बैलगाडी जुंपून येतात, ते बहुतेकांच्या उपयोगाचं नाही हे स्वतःच्या तोंडाने सांगायला छाती लागते. कोणी त्यांना खोटं पाडलं नव्हतं. पेशंट खूश, मालक खूश, मी खूश. एकटे तेच नाराज होते.

आणि अशा वेळी, पोळा झाल्यावर, मालगुजार आला.

तो काही खरा मालगुजार, म्हणजे गावचा जमीनदार, नव्हता. नाटकवाला होता. आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं, दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरायला लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. हा वर्षानुवर्षं एकाच नाटकात मालगुजाराचं काम करायचा, इतका की त्याचं खरं नाव त्याच्या गावातही मागे पडलं होतं. चार अंक तो छाती काढून फिरायचा, मिशा पिळायचा, मनासारखं लग्न केलं म्हणून पोटच्या मुलीला घराबाहेर काढायचा. आणि शेवटी तिच्या झोपडीच्या दारात येऊन दोन्ही गुडघे टेकायचा. कशालाही न धरता उठून मुलीच्या डोक्यावर हात ठेवायचा. त्या टेकण्या-उठण्यासाठी माणसं दहा कोसांवरून यायची. मीही लहानपणी आईच्या मांडीवर बसून ते बघून रडले होते.

आता तो पन्नाशीकडे झुकला होता आणि डाव्या गुडघ्याने त्याला धरलं होतं. गेल्या हंगामात शेवटी शेवटी त्याला खांब धरून उठावं लागलं, आणि लोक रडायच्या जागी हसले. कंपनीच्या मॅनेजरने एका तरुण नटाला ते काम पाठ करायला बसवलं होतं. दिवाळीआधीच्या रंगीत तालमीत ज्याला तो प्रवेश जमेल त्याचा हंगाम, असं सरळ सांगून टाकलं होतं.

"मले दुर्बीण पाह्यजे," मालगुजार खोलीत येताच म्हणाला. उंबरठा त्याने असा ओलांडला की जणू पलीकडे प्रेक्षक बसलेत. मोठे डॉक्टर मुद्दाम येऊन उभे होते. एवढा नामांकित माणूस आमच्याकडे ऑपरेशन करून घेणार, या आनंदापुढे ते थैलीबिली सगळं विसरायला तयार होते.

डॉक्टर म्हणाले, "आधी चालू."

व्हरांड्यात मालगुजार पुढे, डॉक्टर मागे. परत आल्यावर डॉक्टरांनी गुडघा वाकवून बघितला, एक्स-रे बघितला आणि सांगितलं, "घासला हाय. दुर्बिणीनं काई होनार नाई. थैली बांधा, मी सांगतो तसा व्यायाम करा."

मालगुजाराचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "मी नागपूरले जाईन. तिथी बी दुर्बीन आली म्हनतात."

"जा. पन ते बी पाणीच टाकतीन."

"माहा हंगाम चालला डॉक्टरसाहेब, अन् तुम्ही मले रेती देऊन राह्यले?"

तो पाय आपटत निघाला, व्हरांड्यात गेला, आणि तिथेच उभा राहिला. मग हळूच वळला. आता त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, दुसरंच काहीतरी होतं.

"एक सांगा," तो म्हणाला. "माही नक्कल तुम्ही चांगली केली. डावा पाय एकदम बरोबर. पन मी कोपऱ्यावरच्या आरशात पाहून राह्यलो होतो. उजवा पाय माहा नव्हता. तो कोनाचा होता?"

मालगुजाराने धोतराचा सोगा सावरला आणि चालायला लागला. आता तो मालगुजार नव्हता. खांदा थोडा उजवीकडे, उजवा गुडघा न वाकवता पुढे टाकलेला, वळताना पाय न फिरवता अख्खं अंग वळवायचं, आणि एक हात सहज फिरतोय असं दाखवत कठड्यावर. मी रोज बघत होते ती चाल, पण मला ती चाल म्हणून कधी दिसलीच नव्हती. ते आमचे डॉक्टर होते. दिवसभर दुसऱ्यांच्या चालींनी चालणाऱ्या माणसाची स्वतःची चाल कोणी बघायची? पंगतीत ते का बसत नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

व्हरांड्यात कोणी हसलं नाही.

"कवापासून हाय?" मालगुजाराने विचारलं.

"इंग्लंडात होतो तवापासून."

"अन् तिथी तं दुर्बीनवाले लई असतीन. तुम्ही काऊन नाई टाकून घेतली?"

"टाकणार होतो," डॉक्टर म्हणाले. "इथी आलो, लोकाईच्या गुडघ्यात टाकली, तवा समजलं. मंग नाई टाकली."

"आमाले काऊन नाई सांगितलं?" हे मोठे डॉक्टर बोलले.

"गुडघ्याचा डॉक्टर लंगडा हाय म्हटलं तं कोण येईन?"

मालगुजार बाकावर बसला. मग त्याला काहीतरी सुचलं आणि त्याने मान वर केली. "अन् थैली? थैली तरी बांधता का?"

आता डॉक्टर खरंच अडचणीत आले. इकडेतिकडे बघायला लागले. माझ्याकडेही बघितलं. मी काय सांगणार? त्यांच्या पायात मी कधी थैली पाहिली नव्हती.

"वेळ नाई भेटत," ते म्हणाले.

"म्हंजे तुम्ही बी नाई करत," मालगुजार म्हणाला. तो या माणसावर खूश झाला होता हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. "ठीक हाय. तुम्ही कराल तं मी करतो. तुम्ही सोडाल त्या दिवशी मी नागपूरले."

त्याची बहीण चंद्रपुरातच दिलेली होती. तिच्याकडे तो राहिला आणि रोज सकाळी हजर. मी जुन्या गादीच्या कापडाच्या थैल्या शिवल्या, इरई नदीची रेती भरली. ओपीडी सुरू व्हायच्या आधी दोघं व्हरांड्यातल्या बाकावर शेजारी शेजारी बसायचे, पायाला थैल्या बांधून पाय सरळ उचलायचे, धरायचे, हळू खाली आणायचे. मग पाटावरून उठायचं. हात कशालाही लावायचा नाही. मालगुजार पाय वर धरला की नाटकातलं भाषण म्हणायचा, कारण भाषण संपेपर्यंत पाय खाली आणायचा नाही असा त्याने नेम केला होता. डॉक्टरांना भाषण येत नव्हतं म्हणून ते शिव्या द्यायचे, रेतीला. मोठ्या डॉक्टरांनी हे दृश्य बघितलं की ते खाली मान घालून निघून जायचे. चाची मात्र टोपली उतरवून समोर बसायची आणि दोघांनाही बजावायची की मन लावून करा, घाईघाईने उरकू नका.

सगळं गोड चाललं होतं असं नाही. दसऱ्याच्या सुमाराला मालगुजाराने थैली भिरकावली. ती फुटून व्हरांडाभर रेती झाली.

"इतके दिवस झाले, दुखनं तसंच्या तसं हाय."

डॉक्टरांनी आपला पाय खाली आणला नाही. तसाच वर धरून म्हणाले, "दुखणं जाईन, असं मी म्हटलं होतं का?"

"मंग का म्हटलं होतं?"

"उठता येईन म्हटलं होतं."

मालगुजार गेला. मला वाटलं आता हा नागपूरची गाडी पकडणार. त्या सकाळी डॉक्टर एकटेच बाकावर बसून पाय उचलत राहिले, आणि मला त्यांचा इतका कळवळा आला की मी चहा नेऊन ठेवला आणि झाडू घेऊन रेती भरायला लागले. दुसऱ्या दिवशी मालगुजार आला. थैली नवी शिवून आणली होती, बहिणीच्या लुगड्याच्या काठाची.

रंगीत तालीम सिंदेवाहीजवळच्या एका गावात होती, दुपारी. शाळेला दिवाळीची सुट्टी, तिच्या अंगणात मंच बांधलेला. आम्ही जीपने गेलो, मोठे डॉक्टरसुद्धा आले. तरुण नट पहिल्या रांगेत बसला होता, तोंडाला रंग लावून तयार. चांगला देखणा, गुडघे एकदम नवेकोरे. मॅनेजर त्याच्या शेजारी.

चार अंक कसे गेले मला आठवत नाही. शेवटचा प्रवेश आला. मालगुजार झोपडीच्या दारात आला. मुलीचं काम करणारी बाई पाठमोरी उभी. त्याने आधी उजवा गुडघा टेकला, मग डावा. टेकताना त्याचा ओठ हलला ते मी बघितलं. मग त्याचं ते भाषण, जे आम्ही सगळ्यांनी दोन महिने रोज सकाळी ऐकलं होतं. ते संपलं. आता उठायचं. तो उठला नाही.

प्रॉम्प्टरला वाटलं विसरला, त्याने पुढचं वाक्य कुजबुजत दिलं. पुन्हा दिलं. तरुण नट खुर्चीत पुढे सरकला. झोपडीचा खांब मालगुजाराच्या हाताशी होता, अगदी हाताशी. त्याने त्याच्याकडे बघितलंसुद्धा. मग दोन्ही हात छातीशी घेतले, डावा पाय पुढे रोवला आणि तो उठायला लागला. हळू. गाणारा श्वास धरून सूर लावतो तेवढा हळू. पूर्ण उभा राहिला आणि मुलीच्या डोक्यावर त्याने हात ठेवला. ती बाई रोज तालीम करून निर्ढावलेली, ती खरोखरच रडली. अंगणातल्या आयाबायांनी पदर डोळ्यांना लावले. मॅनेजरने तरुण नटाच्या पाठीवर थाप मारून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि तो पोरगा रंग पुसायला निघून गेला.

डॉक्टर टाळ्या वाजवत नव्हते. ते सरळ पडद्यामागे गेले, आणि मी त्यांच्या मागे. मालगुजार कपड्यांच्या पेटीवर बसला होता, घामाने त्याचा रंग ओघळला होता. डॉक्टर त्याच्यापुढे मातीत गुडघे टेकून बसले. त्यांना असे गुडघे टेकलेले मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी धोतर वर सारून दोन्ही हातांनी त्याचा गुडघा चाचपला.

"दुखलं?"

"दुखलं."

"लई?"

"लई दुखलं," मालगुजार म्हणाला. "पन उठलो ना जी."

डॉक्टर नुसते मान हलवत राहिले. त्यांचे डोळे भरले होते. मग ते उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. खाली भुसभुशीत माती, आसपास धरायला काही नाही. एकदा प्रयत्न केला, पुन्हा केला. मी पुढे व्हायला लागले तेवढ्यात मालगुजार पेटीवरून उठला, त्यांच्यासमोर वाकला आणि त्याने दोन्ही हात पुढे केले.

"धरा, डॉक्टरसाहेब," तो हळूच म्हणाला. "इथी कोनी पाहून नाई राह्यलं."

मी तोंड दुसरीकडे फिरवलं.